बोनेट गार आहे का, ते आधी बघा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"दादा, मी शहादा तालुक्यातला, वय २७. खतं-बियाण्यांचं दुकान आहे, घरी ऊस आणि पपई. नाशिकला शिकायला होतो तेव्हापासून फोक्सवॅगनची पोलो जीटी डोक्यात बसलीय. नवी तर आता मिळत नाही. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक पुण्याची, २०१६ ची जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक, ६२ हजार किलोमीटर, पावणेपाच लाख. मालक म्हणतो, 'ट्यूनिंग केलंय, नुसती उडते.' दुसरी सुरतची, २०२० ची १.० टीएसआय, मॅन्युअल, ४८ हजार, सहा लाख सांगतोय. माझ्याकडे सव्वासहा आहेत. बाबा म्हणतात स्विफ्ट घे, गल्लीत दुरुस्त होते. मेंटेनन्स किती धरायचा आणि कोणती घेऊ?"

भाऊ, सारंगखेडा तुमच्याच तालुक्यात. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो तो तुम्ही लहानपणापासून पाहिला असणार. तिथे कोणी घोडा नुसता उभा पाहून पैसे मोजतो का? तोंड उघडून दात बघतात, खूर उचलून बघतात, दोन फेऱ्या पळवून बघतात. आणि ज्याला घोडा कळतो तो भाव विचारण्याआधी विचारतो, खातो काय? तुमच्या पत्रात हा प्रश्न आहे म्हणून एवढं लांब उत्तर लिहितोय. नाहीतर रोज येणाऱ्या पत्रांत एवढंच असतं, "पोलो की आय-ट्वेंटी?"

आधी पैशाचं. सव्वासहा लाख आहेत म्हणजे सव्वासहाची गाडी घ्यायची, हे डोक्यातून काढा. अशी गाडी जुनी घेतली की पहिल्या वर्षात ती आधीच्या मालकाची उधारी तुमच्याकडून वसूल करते. त्याला विकायची होती, म्हणून त्याने टायर ढकलले, सस्पेन्शन ढकललं, सर्व्हिसिंग स्वस्तातल्या तेलावर भागवलं. मी धुळ्यात बावीस वर्षं गॅरेज चालवलं. त्या हिशेबाने सांगतो, विमा आणि आरटीओ वेगळे धरून साठ ते पंच्याहत्तर हजार बाजूला ठेवा. टायर चांगले निघाले तर त्यातले तीस हजार वाचतील, तेव्हा खुशाल शेवभाजीची पार्टी द्या.

आता पुण्याच्या गाडीकडे येतो, कारण जीव तुमचा तिच्यातच अडकलाय, ते पत्रातून दिसतं.

ही गाडी चालवायला गोड आहे, यात वाद नाही. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०१३ ला ती आपल्याकडे आली तेव्हा एवढ्या किमतीत असला गिअरबॉक्स कोणाकडेच नव्हता. पण हौसेचा आणि खर्चाचा दोन्हींचा उगम त्या गिअरबॉक्समध्येच आहे. त्यात दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल कळतही नाही. दोन्ही क्लच कोरडे. म्हणजे त्यांना गार ठेवायला तेलाची आंघोळ नाही. मोकळ्या हायवेवर काही बिघडत नाही. पण ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुण्यात इतकी वर्षं त्याचं हेच झालंय. ६२ हजार किलोमीटर हा आकडा मला म्हणूनच फसवा वाटतो. नंदुरबार-सुरत रोडवरचे ६२ हजार आणि हिंजवडीच्या सिग्नलवरचे ६२ हजार यांत क्लचच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक.

आणि क्लचपेक्षा महाग वस्तू दुसरीच आहे, मेकॅट्रॉनिक युनिट. गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात-पाय एकाच डब्यात. २०१३ च्या शेवटी कंपनीने जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात याच सात गिअरच्या बॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याचं काम होतं. दमट, गरम हवेत आणि सतत गिअर पडत असले की त्या तेलाने आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. तुमची गाडी त्यानंतरची आहे, तो विशिष्ट दोष तिच्यात नसेल. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि असला डबा दुरुस्त करणारा हात शहाद्यात नाही, नंदुरबारलाही नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली किंवा रिव्हर्सच पडेना झाला, तर टोइंगच्या गाडीवर चढवून नाशिकची वाट धरायची. दोनशेच्या वर किलोमीटर. मेकॅट्रॉनिक नवं टाकायचं झालं तर बिल लाखाच्या पुढे, दोन्ही क्लच वेगळे.

त्यावर तो मालक म्हणतो ट्यूनिंग केलंय. तो हे गुण म्हणून सांगतोय, तुम्ही किमतीतून वजा करायचं. या गिअरबॉक्सची टॉर्क झेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. कंपनीने १७५ वर गाडी दिली, म्हणजे मध्ये मोकळी जागा ठेवली. ट्यूनिंगवाले सॉफ्टवेअर बदलून ती जागाच खातात. इंजिन कदाचित सहन करतं, पण क्लचचं आयुष्य त्या मालकाने हौसेत उडवलेलं असतं. आणि ट्यून केलेली गाडी कोणी सावकाश चालवतो, हे मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तरी बघायला जायचंच असेल तर गाडी गार असताना बघा. यावर माझंच एक प्रायश्चित्त आहे. २०१७ मध्ये मी स्वतःसाठी जुनी टर्बो पेट्रोल घ्यायला नाशिकला गेलो होतो. कोणती, ते सांगत नाही. सोबत माझ्या गॅरेजमधले जुने मिस्तरी होते. आम्ही पोचलो तर गाडी धुऊन-पुसून दारात उभी, मालक हसतमुख. मिस्तरींनी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गरम शे भो." मी म्हटलं, धुवायला नेली असेल. रंग एवढा आवडला होता की कान बंद झाले होते. गाडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यात घरासमोर चावी फिरवली आणि पहिले तीन सेकंद आवाज आला, पत्र्याच्या डब्यात कोणी खडे घालून हलवावेत तसा. मग गप्प. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी, ढिली. तेलाचा दाब येईपर्यंत टेन्शनर तिला ताणत नाही, तेवढेच तीन सेकंद ती बोलते. मालकाने आम्ही येण्याआधी अर्धा तास गाडी चालवून तेवढे तीन सेकंद गिळून टाकले होते. ते तीन सेकंद मला सत्तेचाळीस हजारांना पडले. मिस्तरी आजही भेटले की आधी माझ्या गाडीच्या बोनेटला हात लावतात.

म्हणून आदल्या दिवशीच सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. पोलोच्या १.२ टीएसआयमध्ये जुन्या पिढीच्या इंजिनला चेन आहे, नंतरच्या पिढीला त्याच कामाचा रबरी बेल्ट. समोरची गाडी कोणत्या पिढीची ते इंजिन कोडवरून मेकॅनिकला कळतं, ते आधी बघून घ्या. बेल्टवाल्यात हा आवाज येणार नाही, पण बेल्ट कधी बदलला याची पावती लागेल.

डीएसजीची परीक्षा अशी. गार गाडी सुरू करून डीमध्ये टाका, ब्रेक हळू सोडा, गाडी रांगू द्या. धक्का न देता, थरथर न करता रांगली पाहिजे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अंग शहारल्यासारखं करत असेल तर क्लच संपत आलाय. मग चांगली अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमधून फिरवा, बॉक्स तापू द्या, आणि एखाद्या चढावर रिव्हर्स घ्या. गरम झाल्यावर जी कुरबुर सुरू होते तीच खरी. मीटरमध्ये गिअरचं अक्षर लुकलुकलं, की चहा पिऊन परत या.

सुरतच्या गाडीबद्दल माझं मत बरं आहे. १.० टीएसआय मार्च २०२० ला आली, ११० पीएस, टॉर्क तोच १७५, गिअर सहा, आणि क्लच तुमच्या डाव्या पायाखाली. इंजिन तीन सिलिंडरचं आहे, उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवेल, ती जात्याच आहे. पण सीट आणि आरसा दोन्ही हलत असतील तर इंजिन माउंटिंग बसलेत. क्लच तपासायचा तर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा काटा पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच प्लेट गेली. हे काम खर्चाचं असलं तरी धुळ्यात कोणताही चांगला मिस्तरी करतो. शहाद्यात बसून गाडी पाळायची म्हणजे हा मुद्दा फार मोठा आहे.

या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने म्हातारं होतं, आणि आपला उन्हाळा त्याचं वय दुप्पट वेगाने वाढवतो. पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगला उघडून बघायला सांगा. कूलंटकडे नीट बघा. गुलाबी रंगाचं असतं. थर्मोस्टॅटचं हाउसिंग प्लास्टिकचं आहे, तिथून झिरपलं की वाळून गुलाबी पापुद्रा धरतो, कुल्फीच्या काडीवर सुकलेल्या दुधासारखा. टाकीत कूलंटऐवजी साधं पाणी दिसलं तर समजा कोणीतरी गळती झाकत होतं. तापलेल्या टर्बो इंजिनाला पाण्यावर ठेवणं म्हणजे उन्हात काम करणाऱ्या गड्याला उपाशी ठेवण्यासारखं.

दोन्ही गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, तिथे काजळी साचते. सकाळी चालू करताना इंजिन एखादा ठोका चुकवत असेल तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल बदलून बघायचे, ते स्वस्तातलं काम. तरी थांबलं नाही तर काजळी साफ करावी लागते. मोठ्या शहरांत ते अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून साफ करतात. आपल्याकडे अक्रोड दिवाळीच्या डब्यात सुद्धा मोजून येतात, हे लोक इंजिनात मारतात.

तेलावर कंजूषी करायची नाही. डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२ ०० हा मंजुरीचा क्रमांक असलेलं पूर्ण सिंथेटिकच घालायचं. टर्बोचा दांडा त्याच तेलावर तरंगतो आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. कंपनी म्हणते वर्ष किंवा १५ हजार किलोमीटर. काळ्या मातीची धूळ आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागचा धुरळा खाणाऱ्या गाडीला मी साडेसात-आठ हजारांना तेल आणि एअर फिल्टर बदला म्हणून सांगतो. फिल्टर काढून झटकलात तर तुम्हालाच कळेल. आणि घाट चढून आल्या-आल्या गाडी बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या. कन्नडचा घाट मे महिन्यात दुपारी चढून वर आलेल्या टर्बोचा रंग कधी बघितलात तर ही सवय आपोआप लागेल.

सस्पेन्शनवर जास्त लिहीत नाही. गाडी कडक बसते, खड्ड्यांची यादी रोज वाचते. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, वरचे स्ट्रट माउंटिंग, हे जाणारच. स्पीडब्रेकरवरून एका चाकाने उतरवा, 'टक्' ऐकू आलं की पाच-सात हजारांपासून पुढे मोजायला लागा.

टायर मात्र हातात धरून बघा. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसो, पाच-सहा वर्षांवरचा टायर आपल्या उन्हात कडक होतो आणि पहिल्या पावसात साबणासारखा सटकतो. १९५/५५ आर १६ या मापात रबराची भिंत जेमतेम १०७ मिलिमीटर, वीतभरही नाही. शेतरस्त्यावर दगड लागला की टायरला फुगा येतो आणि रिम वाकते. चारी रिम आतल्या बाजूने बोट फिरवून बघा.

एसी पण बघून घ्या, दुपारी. सकाळी प्रत्येक एसी गार असतो.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी सुरतेचीही असू शकते आणि पुण्याचीही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहिलेली असते, कारण तिथे कोणी धुवत नाही. सीटचे रूळ टॉर्च मारून बघा, गंज दिसेल. आणि डिकीतली स्टेपनी उचलून खालचं बघा. त्याच वेळी ब्रेक पेडलचं रबर बघा. ४८ हजार किलोमीटर आणि रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटरने उपास धरलेला आहे. अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदी मालकाकडूनच मागवून घ्या, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात.

मायलेज विचारलं नाहीत, तरी सांगतो, बाबा विचारतीलच. कागदावर जीटीचं १७.२१ आणि १.० मॅन्युअलचं १८.२४ किलोमीटर आहे. हायवेवर नव्वदने गेलात तर पंधरा-सोळा, उडवलीत तर अकरा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं, या दोन्ही गाड्या त्याच्या आधीच्या. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा, आणि जुन्या गाडीचे फ्युएल पाइप व सील दर सर्व्हिसिंगला वास घेऊन, हात लावून बघायला सांगा.

सुरतच्या गाडीचं कागदाचं काम थोडं किचकट आहे, त्याने घाबरू नका, पण ते भावात धरा. गुजरातच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. विक्रीचे २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा, असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच-३९ चा नंबर. तुम्ही सीमेवर राहता, जीजेच्या पाट्या रोज बघता, म्हणून वाटतं तशीच फिरवू. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात राहिली की नवी नोंदणी करावीच लागते. टॅक्सचा आकडा आधी नंदुरबारच्या आरटीओत वर्ष आणि मूळ किंमत सांगून लिहून घ्या, आणि मगच सुरतवाल्याशी बोलायला बसा. गुजरातमध्ये भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळेल असं तो म्हणेल. तो पैसा खिशात नाही असंच धरा. विम्याचं नाव चौदा दिवसांत बदला, आणि त्याचा नो-क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता वाढेल.

म्हणजे सहा लाख अजिबात नाही. तुमच्या सव्वासहातून टॅक्स, विमा आणि मी सांगितलेले पंच्याहत्तर हजार वजा करून जो आकडा उरतो तो तुमचा शेवटचा भाव. नाही म्हणाला तर नाही. पोलो २०२२ पर्यंत चाकणहून निघत होत्या, बाजारात अजून बऱ्याच आहेत.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्विफ्ट खरंच गल्लीत दुरुस्त होते, आणि तुमच्या दुकानाच्या कामाला ती पुरेल. पण तुम्ही दहा वर्षं जी गाडी डोक्यात घेऊन फिरलात ती न घेता स्विफ्ट घेतली, तर रोज सकाळी तिचा राग कराल आणि तिचीही देखभाल करणार नाही. हौस हेही एक कारण असतं, फक्त तिचा खर्च वहीत मांडलेला असावा. बाबांना सुरतला सोबत न्या. ज्याला गाडी आवडलेली नाही असा एक माणूस बरोबर असलाच पाहिजे.

एक राहिलं. तुमचं बियाण्यांचं गोदाम म्हणजे उंदीर. गाडी त्याच्या भिंतीला लावू नका. टर्बो इंजिनच्या उबेला येऊन सेन्सरच्या वायरी कुरतडल्या की स्कॅनर लावूनही मिस्तरीचे दोन दिवस जातात, आणि विमावाला हात वर करू शकतो. रात्री बोनेट उघडं ठेवणारे लोक मी पाहिलेत, वेडे नव्हते ते.

आता सुरतवाल्याला फोन करा. सांगा, रविवारी सकाळी सातला येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. त्यावर तो काय म्हणतो ते मला कळवा.